जुन्या जपानी गाडीचा जीर्णोद्धार

जुनी वस्तु राखावी कीं टाकावी, हा प्रश्न आपल्या एकत्र कुटुंबांस नवा नाहीं. तांब्यापितळेच्या भांड्यांस कल्हई लावून आपण तीं तीन तीन पिढ्या वापरतों. वाड्याची एखादी तुळई वाळवीनें खाल्ली तर वाडा न पाडतां तेवढी तुळईच बदलतों. देवळाचें शिखर ढासळलें तर मूर्ति तीच ठेवून त्याचा जीर्णोद्धार करितों. परंतु ज्या वस्तूंत बसून घरांतील चार माणसें ताशीं शंभर किलोमीटर वेगानें प्रवास करणार, तिचा जीर्णोद्धार केवळ ममतेच्या बळावर करतां येत नाहीं. तेथें यंत्राचें ज्ञान लागतें, पैसा लागतो, आणि या दोहोंपेक्षांहि अधिक गरज असते ती क्रमाची. म्हणजे कोणतें काम आधीं करावें व कोणतें मागाहून, हें ठरविण्याची.

प्रस्तुत लेखांत अशाच एका वस्तूचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती म्हणजे चार दारांची, दिसण्यांत साधी, पण अंगीं शर्यतीच्या घोड्याचें बळ असलेली जुनी जपानी मोटारगाडी. अशा गाड्या जपानांतील अनेक कारखान्यांनीं केल्या. त्यांपैकीं सुबारू कंपनीची पहिली इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स, जी १९९२ ते २००० या काळांत तयार झाली, ती आम्ही उदाहरणादाखल घेतों. जपान, इंग्लंड, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया या देशांत आज पुष्कळ कुटुंबें ही गाडी हौसेनें सांभाळीत आहेत. तिचे गुणदोष आतां पुरते माहीत झालेले आहेत, आणि तिच्यावरून शिकलेला धडा दुसऱ्या कोणत्याहि जुन्या गाडीस लागू पडण्यासारखा आहे.

घरगुती गाडी आणि शर्यत

कुटुंबाच्या गाडीस शर्यतीचें एंजिन बसविण्याची कल्पना जपानांत कशी रुजली, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. इ.स. १९६४ च्या मे महिन्यांत सुझुका येथें दुसरी जपानी ग्रां प्री शर्यत झाली. त्या शर्यतींत प्रिन्स नांवाच्या कंपनीनें आपली स्कायलाइन ही चार दारांची गाडी उतरविली. तिचा पुढील भाग २० सेंटिमीटरांनीं लांबवून त्यांत ग्लोरिया या मोठ्या गाडीचें सहा सिलिंडरांचें एंजिन बसविलें होतें. पहिला क्रमांक पोर्शे ९०४ या खास शर्यतीसाठीं घडविलेल्या जर्मन गाडीनें घेतला. परंतु दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे पांचहि क्रमांक स्कायलाइनच्या वांट्यास आले. पुढें १९६६ सालीं प्रिन्स कंपनी निस्सानमध्यें विलीन झाली, आणि १९६९ सालीं १६० अश्वशक्तीची स्कायलाइन जीटी-आर निघाली. तिलाहि प्रथम चारच दारें होतीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. मुलांस शाळेंत पोंचविणारी गाडी आणि शर्यत जिंकणारी गाडी एकच असूं शकते, ही गोष्ट जपानी लोकांच्या मनांत तेव्हांपासून ठसली.

सुबारू या नांवाचा अर्थ आमच्या वाचकांस विशेष आवडेल. आकाशांतील कृत्तिकांना जपानी भाषेंत सुबारू म्हणतात. इ.स. १९५३ मध्यें, पूर्वीं विमानें बांधणाऱ्या नाकाजिमा कारखान्यांतून निघालेल्या पांच कंपन्या एकत्र आल्या व फुजी हेवी इंडस्ट्रीज ही संस्था स्थापन झाली. पांच लहान तारे आणि त्यांस आपल्यांत सामावून घेणारा सहावा मोठा तारा, अशी मुद्रा त्या संस्थेनें आपल्या गाड्यांवर लाविली. सहा कृत्तिकांनीं देवसेनापति कार्तिकेयाचें संगोपन केलें अशी आपली पुराणकथा. आणि तिकडे जपानांत त्याच सहा तारका एकत्र आलेल्या घराण्याची खूण झाल्या! २०१७ सालापासून तर संस्थेनें स्वतःच सुबारू हें नांव धारण केलें आहे.

या कंपनीनें १९६६ सालापासून एक वेगळ्या घाटाचें एंजिन पत्करलें. त्यांत सिलिंडर उभे नसून दोन्ही बाजूंस आडवे असतात. टाळ वाजवितांना दोन्ही हात जसे एकाच वेळीं जवळ येतात व एकाच वेळीं दूर जातात, तसे समोरासमोरचे दट्टे हालतात. त्यामुळें एकाचा हिसका दुसऱ्यानें जिरविला जातो. एंजिन बुटकें असल्यानें गाडीचें वजन जमिनीलगत राहतें आणि वळणावर ती झुकत नाहीं. १९७२ पासून चारी चाकांस शक्ति पुरविणाऱ्या गाड्याहि या कंपनीनें काढल्या. १९८९ च्या आरंभीं तिच्या लेगसी गाडीनें अमेरिकेंत ॲरिझोना प्रांतीं १,००,००० किलोमीटर अंतर सरासरी ताशीं २२३ किलोमीटर वेगानें, साडेअठरा दिवसांहून थोड्या अधिक काळांत, कापून जागतिक उच्चांक केला. त्याच लेगसीची मांडणी आंखूड करून १९९२ च्या अखेरीस इम्प्रेझा आली. तिच्या डब्ल्यूआरएक्स या प्रकाराचें एंजिन १९९४ घन सेंटिमीटरांचें, २४० अश्वशक्तीचें. आणि गाडीचें वजन सुमारें १,२०० किलो. पुढें १९९६ सालीं एसटीआय या प्रकारांत शक्ति २८० पर्यंत गेली. जपानी कारखानदारांनीं १९८९ ते २००४ पर्यंत आपसांत ठरविलेली कमाल मर्यादाहि तीच होती. कच्च्या-पक्क्या रस्त्यांवरील जागतिक रॅलीस्पर्धेंत १९९५, १९९६ व १९९७ अशीं ओळीनें तीन वर्षें कारखान्यांचें अजिंक्यपद सुबारूनें मिळविलें. १९९५ चा विजेता चालक कॉलिन मॅकरे हाहि इम्प्रेझाच चालवीत होता.

गाड्या मरतात कशानें?

एवढ्या कीर्तीची गाडी मग आज दुर्मिळ कां झाली? गंजानें कांहीं गेल्या, अपघातांत कांहीं गेल्या. जपानांत पहिलीं तीन वर्षें व त्यानंतर दर दोन वर्षांनीं सक्तीची कसून तपासणी असते. शिवाय पेट्रोलच्या गाडीस १३ वर्षें झालीं कीं तिचा वार्षिक कर सुमारें शेंकडा १५ नीं वाढतो. त्यामुळें मालकांनीं पुष्कळ गाड्या विकून टाकिल्या व त्या परदेशीं गेल्या. परंतु आमच्या मतें सर्वांत अधिक गाड्या हौसेनेंच मारल्या आहेत.

त्याचा प्रकार बहुधा असा असतो. वीस-पंचवीस वर्षांची गाडी कोणी तरुण गृहस्थ विकत घेतो. ती आहे त्याहून जोरांत पळावी असें त्यास वाटतें. प्रथम तो मोठ्या आवाजाची धूरनळी बसवितो, मग हवेची मोठी गाळणी, आणि मग टर्बोचा दाब वाढवितो. टर्बोचार्जर म्हणजे एंजिनच्या धुराच्या झोतानें फिरणारा पंखा. त्याच दांड्यावरील दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरतो. हवा अधिक गेली तर पेट्रोलहि त्या प्रमाणांत अधिक गेलें पाहिजे. परंतु जुना पेट्रोलपंप थकलेला असतो, हवा मोजणारें उपकरण नव्या गाळणीमुळें चुकीचें माप देतें, आणि एंजिनचें नियंत्रण करणारी विजेची पेटी मूळच्याच हिशेबानें चालत असते. मिश्रण विरळ होतें, सिलिंडरांतील उष्णता वाढते, व ठिणगीनें सुरू झालेलें ज्वलन सिलिंडरभर शांतपणें पसरण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण एकदम स्फोट पावतें. यालाच नॉकिंग म्हणतात. लोखंडावर हातोडी मारल्यासारखा हा आवाज कधीं ऐकूं येतो, कधीं येतहि नाहीं. पण त्याच्या माऱ्यानें दट्ट्याच्या कड्या बसण्याची खांच फुटते, आणि एंजिन निकामी होतें.

यांत पेट्रोलचाहि एक भाग आहे. जपानांतील उंची पेट्रोलचा ऑक्टेन-अंक १०० च्या आसपास असतो, व जपानी बाजारासाठीं बांधलेल्या या गाड्या तेंच पेट्रोल गृहीत धरून जुळविलेल्या असत. त्या परदेशीं गेल्यावर ९५ अंकाच्या साध्या पेट्रोलवर जोरांत चालविल्या, तर कांहीं एक फेरफार न करतांहि नॉकिंगचा धोका उत्पन्न होतो. जपानी प्रतीची गाडी घेणाऱ्यानें मिळेल तें उत्तमांतलें उत्तम पेट्रोल वापरावें, किंवा एंजिनची जुळणी स्थानिक पेट्रोलास अनुसरून जाणत्याकडून करून घ्यावी.

एकत्र कुटुंबांत एकानेंच खर्च वाढविला तर त्याचा भार सर्वांवर पडतो; तसेंच गाडीचें आहे. एंजिनचा जोर वाढला कीं क्लच घसरूं लागतो. क्लच बळकट केला तर भार गिअरबॉक्सवर जातो. या गाडीची पांच गिअरांची पेटी तर जागच्या जागीं झटक्यानें निघण्याच्या हव्यासांत दांते मोडून घेण्याबद्दल प्रसिद्धच आहे. वेग वाढला कीं ब्रेक अपुरे पडतात. म्हणून जोर वाढविणें ही सुधारणेची पहिली पायरी नव्हे, ती शेवटची होय. आमच्या या लेखाचें सार एवढेंच आहे. पुढें सांगितलेलें सर्व त्याचा विस्तार होय.

प्रथम परीक्षा

वैद्य औषध देण्यापूर्वीं नाडी पाहतो. गाडी घेतल्याबरोबर, किंवा शक्य तर घेण्यापूर्वींच, चारी सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा. दाब किती यापेक्षां चारींचा सारखा आहे कीं नाहीं, हें अधिक महत्त्वाचें. एंजिन तापल्यावर पाण्याच्या टाकींत सारखे बुडबुडे येत असतील तर सिलिंडरांतील वायु गॅस्केटमधून पाण्यांत शिरत आहे असें समजावें. जुनें तेल काढून त्यांत धातूची चकाकी दिसते काय, तें पाहावें. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांची झीज या एंजिनचा दुसरा मोठा शत्रु असून, वेग किंचित् वाढवितांच खोलांतून येणारा खडखडाट हें तिचें लक्षण होय. असा खडखडाट ऐकूं आल्यास एंजिन त्याच क्षणीं बंद करावें, व गाडी ओढून न्यावी.

मग गाडी उचलून खालून पाहावी. हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकण्याची चाल जपानच्या उत्तर भागांत व इंग्लंडांत आहे. तेथें राहिलेल्या गाडीच्या मागील चाकांवरील कमानी, मागील शॉकॲब्सॉर्बरचे वरचे आधार, व दारांखालील पट्ट्या गंजानें आंतून पोखरलेल्या असण्याचा संभव असतो. वरचा रंग चकचकीत असला म्हणजे आंतील पत्रा शाबूत आहे असें होत नाहीं. एंजिन बदलतां येतें, गिअरबॉक्स बदलतां येतो. सांगाडाच गेला तर गाडीच गेली. यास्तव खर्चाची पहिली रक्कम गंजलेला पत्रा कापून नवा जोडण्यासाठीं व पोकळ जागांत मेण भरण्यासाठीं राखून ठेवावी. हें काम कोणास दिसत नाहीं, त्याचें कौतुकहि होत नाहीं. परंतु पुढील सर्व कामें यावरच उभीं राहतात.

मग जीर्णोद्धार

जीर्णोद्धाराचा पहिला मान टायमिंग बेल्टचा, म्हणजे क्रँकशाफ्टची गति झडपांच्या चार दांड्यांपर्यंत पोंचविणाऱ्या दंतुर पट्ट्याचा. हा लांबलचक पट्टा अनेक चाकांवरून वळणें घेत जातो. तो तुटला, किंवा त्यास ताण देणारें चाक निखळलें, तर झडपा दट्ट्यांवर आदळून वांकतात, आणि क्षणार्धांत एंजिन मोडतें. जपानी शिरस्त्याप्रमाणें हा पट्टा सुमारें १,००,००० किलोमीटरांस बदलावयाचा असतो. परंतु रबर केवळ चालल्यानें झिजत नाहीं, वयानेंहि कडक होऊन चिरतें. जुन्या गाडीचा पट्टा केव्हां बदलला याचा लेखी पुरावा नसेल तर तो बदललेलाच नाहीं असें धरून चालावें. पाण्याचा पंपहि याच पट्ट्यावर फिरतो; तेव्हां पट्टा, ताण देणारें चाक, मधलीं चाकें व पंप हीं सर्व एकदमच बदलणें शहाणपणाचें. पट्टा नवा आणि चाक जुनें, अशी काटकसर पुढें फार महाग पडते.

दुसरी गोष्ट शीतलीकरणाची. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या वयानें ठिसूळ होऊन फुटतात, नळ्या फुगतात. आडव्या एंजिनांत हवेचे बुडबुडे अडकून बसण्याची खोड आहे. म्हणून पाणी व शीतक यांचें मिश्रण सावकाश भरावें, हवा निघून जाऊं द्यावी, आणि एंजिन एकदां तापवून निवल्यावर पातळी पुन्हां पाहावी. घाईनें भरलेल्या पाण्यामुळें पुष्कळ एंजिनें तापून बिघडलीं आहेत.

तिसरी गोष्ट तेलाची. टर्बोचा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि त्यास आधार असतो तो तेलाच्या पातळशा थराचा. म्हणून अशा एंजिनचें तेल सुमारें ५,००० किलोमीटरांस बदलावें, व दर आठवड्यास पातळी पाहावी. एंजिन ऊन होईपर्यंत जोर करूं नये. घाट चढून आल्यावर एंजिन लगेच बंद न करतां एकदोन मिनिटें मंद चालूं द्यावें. नाहीं तर तापलेल्या दांड्याभोंवतीं तेल जळून त्याचा कोळसा होतो. ह्या संवयींस खर्च कांहींच नाहीं, आणि त्यांनीं वांचतें तें मात्र फार.

चौथी गोष्ट रबराची. चाकांचे दांडे जेथें सांगाड्यास जोडलेले असतात तेथें रबरी बुश असतात. पंचवीस वर्षांनीं ते चिरलेले असतात, व शॉकॲब्सॉर्बर गळालेले असतात. मालकास वाटतें, गाडी म्हातारी झाली. वस्तुतः म्हातारें झालेलें असतें तें रबर. नवे बुश व नवे शॉकॲब्सॉर्बर बसवून चाकांची दिशा जुळवून घेतली म्हणजे तीच गाडी वळणावर अशी स्थिर राहते कीं मालकास ती प्रथमच भेटल्यासारखी वाटते. मूळच्या रबराऐवजीं कठीण पॉलियुरेथेनचे बुशहि मिळतात. ते टिकतात व चाकांस अधिक घट्ट धरतात, परंतु रस्त्याचा प्रत्येक धक्का व गुणगुण आंत आणून सोडतात. ज्या गाडींत वडील माणसें बसावयाचीं, तिला मूळचें रबरच बरें.

पांचवी गोष्ट ब्रेकांची. आणि ती पांचवी लिहिली असली तरी महत्त्वानें पहिली होय. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ओलावा शिरलेलें तेल उतारावर वारंवार ब्रेक लावल्यानें तापून उकळतें, त्याची वाफ होते, आणि पायाखालचें पेडल एकाएकीं पोकळ होऊन खालीं जातें. हें तेल दर दोन वर्षांनीं बदलावें. रबरी नळ्या नव्या घालाव्या, कॅलिपरांचीं सीलें बदलावीं, व झिजून पातळ झालेल्या तबकड्या निःशंकपणें टाकून द्याव्या.

टायरांविषयीं एक सूचना या गाडीस विशेषेंकरून लागू आहे. चारी चाकें एकाच यंत्रणेनें जोडलेलीं असल्यामुळें चारी टायर एकाच जातीचे व सारखेच झिजलेले पाहिजेत. त्यांच्या परिघांत सुमारें सहा मिलिमीटरांहून अधिक तफावत असूं नये असा दंडक आहे. दोन नवे व दोन जुने टायर घातले तर मधला डिफरन्शियल सतत घांसत राहून तापतो व बिघडतो. शिवाय खांचा शाबूत दिसल्या तरी दहा वर्षांचा टायर कडक झालेला असतो व ओल्या रस्त्यावर दगा देतो.

आणि शेवटीं सुधारणा

इतकें सारें झाल्यावर, व गाडी निदान एक वर्ष निर्वेध चालल्यावर, सुधारणेचा विचार करावा. तेथेंहि क्रम आहे: आधीं थांबविणारें, मग थंड राखणारें, मग धरून ठेवणारें, व सर्वांच्या शेवटीं पळविणारें. नंतरच्या सुबारू गाड्यांचे चार दट्ट्यांचे मोठे ब्रेक कॅलिपर या गाडीस बसवितां येतात. मात्र त्यांवर चाक बसण्यास आंत जागा आहे कीं नाहीं, हें प्रथम मोजून पाहावें. दोन टोकांस प्लास्टिकऐवजीं ॲल्युमिनियमच्या टाक्या असलेला रेडिएटर, पेट्रोलचा नवा दमदार पंप, तेलाचा दाब व उष्णता दाखविणारीं मापकें, ह्या सुधारणा गाडीचा वेग वाढवीत नाहींत; त्या तिचें आयुष्य वाढवितात.

यानंतरहि जोर वाढविण्याची इच्छा उरली असेल, तर हवा, पेट्रोल व ठिणगी या तिन्हींचा हिशेब एकत्र मांडणारी नवी नियंत्रणपेटी बसवून, एंजिन मापनयंत्रावर चढवून, नॉकिंगवर कान ठेवून तें जुळविणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच जावें, आणि थोडक्यांत समाधान मानावें. फारच अधिक शक्ति हवी असेल तर २००० नंतरच्या एसटीआय गाडींतील सहा गिअरांची मजबूत पेटी घालणारेहि आहेत. परंतु तिच्याबरोबर इतर पुष्कळ भाग बदलावे लागतात, आणि त्या खर्चांत एक दुसरी चांगली गाडी येते. गाडी जमिनीला टेंकेल इतकी खालीं बसविण्याची हौस तर आम्हांस मुळींच समजत नाहीं. जपानी नियमानें गाडीचा तळ जमिनीपासून निदान नऊ सेंटिमीटर उंच असावा लागतो. आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तेवढीहि उंची पुरत नाहीं.

सुट्या भागांच्या बाबतींत या गाडीच्या मालकाचें दैव बरें आहे. तिच्या एंजिनचें घराणें १९८९ पासून सुमारें तीस वर्षें चाललें. जपानांत २०१९ सालीं अवघ्या ५५५ गाड्यांची अखेरची आवृत्ति काढून त्यास निरोप देण्यांत आला. त्यामुळें एंजिनचे बहुतेक भाग अजून मिळतात. दुर्मिळ होत चालले आहेत ते पत्र्याचे भाग, दिवे, व आंतील गाद्या-आवरणें. म्हणून मूळचा जो भाग काढाल तो फेंकूं नका; पुसून, कागदांत गुंडाळून, माळ्यावर ठेवा. जुन्या गाड्यांच्या मालकांची ही अडचण आतां कारखानदारांसहि कळूं लागली आहे. निस्साननें २०१७ पासून स्कायलाइन जीटी-आरचे भाग पुन्हां घडविण्यास आरंभ केला, आणि टोयोटानेंहि पुढें आपल्या जुन्या सुप्रा गाडीसाठीं तसेंच केलें. अमेरिकेंत १९८८ च्या कायद्यान्वयें पंचवीस वर्षें पूर्ण झालेली परदेशी गाडी आणण्याची मुभा असल्यामुळें, पहिल्या इम्प्रेझा २०१७ पासून तिकडे जाऊं लागल्या. ज्या गाड्यांत कांहींच फेरफार झालेला नाहीं त्यांस आज अधिक मोल येतें, हें सुधारणेच्या उतावळ्यांनीं लक्षांत घ्यावें.

आपल्याकडील वाचकांसाठीं

ही पहिली इम्प्रेझा आपल्या देशांत विक्रीस आली नव्हती. तथापि १९९८ सालीं होंडा सिटी व मित्सुबिशी लान्सर या जपानी घराण्याच्या गाड्या भारतांतच तयार होऊं लागल्या, आणि त्यांपैकीं कित्येक अजूनहि महाराष्ट्रांतील घरांतून जपलेल्या आढळतात. त्यांच्या मालकांनीं एक गोष्ट विसरूं नये: मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच बजाविलें. पंधरा वर्षांनीं नोंदणी नवी करतांना परिवहन कार्यालयांत गाडी दाखवावी लागते, व ती मुदत पांच वर्षांची असते. अर्थात् आमच्याकडे जीर्णोद्धारास पूर्ण वाव आहे, पण सुधारणेस थोडा. आणि आम्हांस यांत फारसें नुकसान दिसत नाहीं.

एक वही

शेवटीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. पहिली अशी कीं, गाडीची एक वही ठेवावी. कोणत्या दिवशीं, किती किलोमीटरांस, काय बदललें, कोणाकडून, कोणत्या बनावटीचें, व किती रुपयांस, हें तींत लिहावें आणि पावत्या मागें डकवाव्या. ज्या घरांत गाडी वडील, मुलगा, सून असे तिघेचौघे चालवितात, तेथें तर या वहीवांचून चालावयाचें नाहीं. कारण तेल दुसऱ्यानें पाहिलें असेल अशी प्रत्येकाची समजूत असते, आणि तें कोणीच पाहिलेलें नसतें! आठवड्याचा एक वार नेमून तेल, पाणी, टायरांची हवा व दिवे पाहण्याचें काम घरांतील एका मुलाकडे किंवा मुलीकडे सोंपवावें. शाळेंत शिकलेलें पदार्थविज्ञान काय कामाचें, हें त्यांस तेथेंच उमगेल.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ही गाडी कितीहि नीट राखली तरी ती आघातांत आजच्या गाडीइतकें संरक्षण देऊं शकणार नाहीं. युरोपांत नव्या गाड्या आदळून त्यांची परीक्षा जाहीर करणारी युरो एनकॅप ही संस्था १९९७ सालीं सुरू झाली. ही गाडी आंखली गेली ती त्यापूर्वीं. घसरणारी गाडी आपोआप सांवरणारी यंत्रणा तिच्यांत नाहीं, आणि तिच्या कित्येक प्रकारांत हवेच्या उशाहि नाहींत. पत्रा नवा झाला, ब्रेक नवे झाले, तरी ही उणीव भरून निघत नाहीं. म्हणून घरांत दोन गाड्या ठेवण्याची ऐपत असेल तर मुलांच्या रोजच्या येण्याजाण्यास नवी गाडी असावी, व जुनी सुटीच्या दिवशीं, कोरड्या रस्त्यावर, सावधपणें बाहेर काढावी. एकच गाडी परवडत असेल, व घरांत लहान मुलें असतील, तर हा नाद कांहीं वर्षें लांबणीवर टाकावा, असें आम्ही स्पष्टपणें सांगतों.

ज्यांची तशी अडचण नाहीं त्यांनीं मात्र हा उद्योग अवश्य करावा. जें यंत्र आपण उघडून पाहिलें, ज्याचा प्रत्येक भाग कशासाठीं आहे हें जाणलें, आणि जें आपल्या हातांनीं पूर्वस्थितीस आणलें, त्यापासून मिळणारें समाधान पैसे मोजून आणलेल्या नव्या वस्तूंत सहसा मिळत नाहीं. जपानी कारागिरांनीं तीस वर्षांपूर्वीं जें काम मन लावून केलें, त्याचा मान त्यावर नवें शिखर चढविण्याच्या घाईनें राखला जात नाहीं. आधीं पाया पाहावा, मग भिंती, आणि शिखराचें तेवढें शेवटीं.